लहान मुलांना रिसायकलिंग शिकवायचंय? आधी घरातला डबा उलटा करा

रात्री साडेनऊला शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो, उद्या 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'साठी एक वस्तू करून आणावी. ज्यांच्या घरात पहिली-दुसरीतलं पोर आहे त्यांना हा मेसेज पाठ असेल. मागच्या वर्षी आमच्याकडे तो आला तेव्हा घरात रिकामी बाटलीच नव्हती, मग नवरा खाली जाऊन दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आला, ती जगमध्ये ओतली (कोणालाच प्यायची नव्हती), सोबत ग्लिटरवाली फोमशीट, ग्लू गनच्या कांड्या, मणी, असं दीडशे-पावणेदोनशेचं सामान, आणि रात्री अकराला पेनस्टँड तयार. केला कोणी? मी. लेक कधीच झोपली होती.

पंधरा दिवसांनी ते पेनस्टँड घरी परत आलं, एका बाजूने फाटलेलं, मी सुक्या कचऱ्यात टाकलं. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी ते उचलून हातात फिरवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, बाटली तशीच दिली असती तर विकली गेली असती की. आता ह्याला कोण घेतंय, सगळं चिकटवून ठेवलंय."

मला ते जाम लागलं. म्हणजे नुसती दिली असती तर रिसायकल झाली असती अशी बाटली, तिला आम्ही पैसे घालून कायमचा कचरा करून टाकलं आणि वर मुलीला सांगितलं की बघ, हे रिसायकलिंग. त्यानंतरचं वर्षभर मी माझी लेक (वय सात), भाचा (साडेचार, दर शनिवार-रविवार आमच्याकडेच पडीक असतो) आणि सोसायटीतली अजून चार-पाच पोरं यांना घेऊन जे जे करून पाहिलं ते इथे लिहितेय. यात शो-पीस एकही नाही. हात घाण होतात, फरशी ओली होते, आणि एक-दोन गोष्टी आमच्या साफ फसल्या, त्या पण सांगते.

डबा उलटा करा, पण आधी तुम्ही एकट्याने

पहिली अ‍ॅक्टिव्हिटी फुकट आहे. एका दिवसाचा सुका कचरा जमवा, जमिनीवर जुने पेपर अंथरा आणि ओता. मुलं येण्याआधी तुम्ही स्वतः एकदा बघून घ्यायचं, ब्लेड, फुटकी काच, गोळ्यांची पाकिटं, सेल, मास्क, बँडेज, सॅनिटरी पॅड, डायपर हे सगळं आधीच बाजूला. यात आळस नको, साडेचार वर्षांच्या मुलाचा हात कुठेही जातो.

मग मुलांना बसवायचं आणि काही शिकवायचं नाही, फक्त विचारायचं, हे काय आहे आणि आपल्या घरात कशाला आलं होतं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी निघालं काय तर दुधाच्या चार पिशव्या, बिस्किटाचे तीन पुडे, कुरिअरचं एक खोकं आणि त्यातल्या एवढ्याशा चार्जरसाठी वापरलेला हातभर बबल रॅप, एक टूथपेस्टची ट्यूब, आणि वेफर्सच्या पाकिटांचा ढीग. लेक मोजायला लागली, अकरा! एका दिवसात अकरा कसे, तर त्यातले सहा बाबांच्या ऑफिसच्या बॅगेतून निघाले होते. हा शोध तिने घरभर सांगितला. बाबा दोन दिवस गप्प होते.

ढीग पाडायला मी मुलांना लाल-निळा-हिरवा डबा वगैरे चार्ट दाखवला नाही. पुण्यात कचरावेचकांची जी संघटना १९९३ साली उभी राहिली तिचं नाव आहे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, त्यातले पहिले तीन शब्दच मुलांना दिले. कागद, काच, पत्रा. म्हणून बघा मोठ्याने, तालात येतं, भाचा तर जिना उतरताना पण तेच म्हणत होता. त्यात चौथा शब्द आम्ही घातला, प्लास्टिक, आणि पाचवा ढीग 'काय माहीत नाही' चा. हा पाचवा ढीग सगळ्यात कामाचा आहे, पुढचे सगळे खेळ त्याच्यातूनच निघतात.

आणि हो, ह्याच संघटनेतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, जी कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची आहे, पुण्यात दारोदार येणाऱ्या बऱ्याच ताया तिच्याच सभासद. मुलांना हे सांगायला हवं असं मला वाटतं कारण त्यांच्या डोक्यात कचरा घेणारी माणसं म्हणजे 'कचरेवाले' एवढंच असतं. कचरेवाले आपण. कचरा करतो आपण ना.

चुरगाळा, बुडवा, चिकटवा

आता पाचवा ढीग घ्या. यात अशा वस्तू असतात की मोठ्यांनाही कळत नाही, ही चमकणारी चांदी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम का प्लास्टिक. त्याची सोपी परीक्षा आहे, मुठीत घट्ट चुरगाळायची आणि मूठ उघडायची. साधा कागद आणि खरी फॉइल (पराठे गुंडाळतो ती) चुरगळलेलीच राहते, वेफर्सचं पाकीट कुरकुर करत हळूहळू परत उलगडतं. भाचा ते बघून किंचाळला, "मावशी, ते जिवंत आहे!" त्याने तेच पाकीट किमान वीस वेळा चुरगाळलं असेल, प्रत्येक वेळी कान लावून. तर जे उलगडतं ते आतून प्लास्टिक, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळसा थर चढवलेला, असे दोन-तीन थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते वेगळे करणं जिकिरीचं म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. मुलांना एवढंच सांगायचं, हे एकत्र चिकटलंय म्हणून सुटत नाही. माझ्या त्या पेनस्टँडचंही हेच झालं होतं, हे लेकीने स्वतःहून म्हटलं, मी नाही.

ज्यूसचा खोका असतो ना जाड, त्याचं पण असंच. आम्ही तो कापून, कडा फाडून रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी नखाने सोलला तर कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, आत चांदी वेगळी. त्यात साधारण तीन चतुर्थांश कागदच असतो. अर्धा तास मुलं शांत बसून सोलत होती, ह्या कारणासाठी सुद्धा करून बघा.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि ही माझी सगळ्यात आवडती. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घ्या, तिचा एक छोटा तुकडा कापा (तुम्ही कापा, कडा धारदार होतात), आणि तिचंच झाकण घ्या. दोन्ही बादलीत टाका, तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून हवेचे बुडबुडे काढून टाका नाहीतर तो उगाच तरंगतो. बाटली बुडते, झाकण तरंगतं. आधी मुलांना पैज लावायला सांगायची. आमच्याकडे सगळ्यांनी सांगितलं दोन्ही तरंगणार, कारण 'प्लास्टिक हलकं असतं'. मग बुडाल्यावर जी शांतता झाली ती बघण्यासारखी होती.

कारण असं की बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, ते पाण्यापेक्षा जड, आणि झाकण वेगळ्याच प्लास्टिकचं, ते पाण्यापेक्षा हलकं. रिसायकलिंगच्या कारखान्यात पण बाटल्यांचा चुरा करून तो पाण्यात सोडतात आणि बुडालेला, तरंगलेला असा वेगळा करतात, म्हणजे तुमच्या मोरीतल्या बादलीत मुलं जे करतायत तेच तिथे मोठ्या टाकीत होतं. एकदा हे कळलं की बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो शोधायचा खेळ सुरू करा. १ म्हणजे पेट, २ म्हणजे शांपूच्या वगैरे जाड बाटल्या, ५ म्हणजे बरेचसे डबे आणि झाकणं, ६ मध्ये थर्माकोल. सात वर्षांच्या मुलांना आकडे शोधायचं वेड लागतं. आमच्या सोसायटीत एक आठवडा कोणाच्याही घरातली एकही बाटली उलटी केल्याशिवाय सुटली नाही, शेजारच्या काकूंची फोडणीच्या तेलाची बाटली भरलेली असताना उलटी झाली, त्याबद्दल मी माफी मागून आलेय.

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि पत्र्याच्या ढिगावर फिरवा, डबे चिकटतात, कोल्ड्रिंकचे कॅन चिकटत नाहीत कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे. भंगारात दोन्हींचा भाव वेगळा का, तर अ‍ॅल्युमिनियम खनिजापासून नव्याने बनवायला प्रचंड वीज लागते आणि जुनं वितळवून वापरलं तर त्यातली जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा वाचते. ९५ टक्के म्हणजे काय ते सात वर्षांच्या पोरीला कळत नाही, तिला मी वीस शेंगदाणे मांडून एकोणीस बाजूला केले. ते तिने खाल्ले.

कागद करायचा दिवस

यासाठी रविवार राखून ठेवा, अर्ध्या तासात होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आदल्या रात्री जुन्या वह्यांची पानं बोटाच्या पेराएवढी फाडून पाण्यात भिजत घाला, फाडायचं काम मुलांचं, त्यात त्यांना स्वर्ग मिळतो. चकचकीत मासिकाचा कागद, दुकानाची थर्मल बिलं (नखाने घासलं की काळी होतात ती) आणि लॅमिनेशनवालं काहीही घेऊ नका. वर्तमानपत्र चालतं पण कागद करडा होतो, वहीचा छान पांढुरका.

सकाळी एक वाटी भिजलेला कागद आणि तीन-चार वाट्या पाणी असं मिक्सरमधून काढा, हे काम मोठ्यांचं. थोडं थोडं घालून, थांबत थांबत फिरवा, मी एकदाच गच्च भरलं तर मिक्सरमधून वास आला. पातळ खिरीसारखा लगदा झाला पाहिजे. मोठ्या पसरट टबात चार-पाच लिटर पाणी घ्या आणि त्यात हा लगदा ओतून हाताने ढवळा. हात कोपरापर्यंत आत, ही मुलांची सगळ्यात आवडती पायरी.

चौकट विकत आणू नका. आजीच्या भरतकामाच्या रिंगमध्ये जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला की झालं. रिंग तिरकी करून टबात घालायची, तळाशी आडवी करायची आणि सरळ, हळू वर उचलायची, वर जाळीवर लगद्याचा पातळ थर येतो. पाणी गळून जाऊ द्या. मुलं इथे घाई करतात आणि थर फाटतो, फाटला तर परत टबात बुडवायचा, काही नुकसान नाही. माझ्या लेकीने पहिले पाच फाडले, सहावा जमला तेव्हा श्वास रोखून उभी होती, नाकाच्या शेंड्याला लगदा.

मग खाली जुन्या सुती साडीचा तुकडा पसरा, रिंग त्यावर पालथी घाला, जाळीवर वरून स्पंजने दाबून पाणी टिपा आणि एका कडेने रिंग उचला. कागद कापडावर राहतो. तो तसाच सावलीत वाळवायचा, उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस आणि वर थोडी चिडचिड. शेवटी वर कापड ठेवून इस्त्री. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, कांद्याची सालं, चिमूटभर हळद घातली तर मस्त दिसतं. चमकी घालायचा हट्ट होईल, नाही म्हणा, का नाही ते आता मुलांनाच माहीत असतं.

आता फसलेली गोष्ट. उरलेलं लगद्याचं पाणी मी सिंकमध्ये ओतलं. दोन दिवसांनी सिंक तुंबलं, प्लंबर आला, पाइपमधून पांढरा गोळा काढला आणि म्हणाला, "कागद खाता का तुम्ही?" तर उरलेला लगदा गाळणीने गाळून, पिळून, गोळे करून कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाका, पाणी झाडांना घाला.

केलेला कागद आणि मूळ वहीचं पान दोन्ही फाडून कडा उन्हात धरून बघा, धागे दिसतात. प्रत्येक वेळी रिसायकल करताना हे धागे आखूड होत जातात, म्हणून कागद साधारण पाच-सात वेळाच परत कागद होऊ शकतो, मग धागे इतके बारीक होतात की एकमेकांना धरत नाहीत. लेकीने विचारलं मग वहीची पानं दोन्ही बाजूंनी वापरली तर? बरोबर आहे बाई. तेव्हापासून तिच्या चित्रांसाठी नवा ड्रॉइंग पेपर कमी लागतो, माझी ऑफिसची प्रिंट पालथी घालून चालते.

पुण्यात असाल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. तिथे कागद झाडापासून नाही तर सुती कापडाच्या चिंध्यांपासून होतो. मुलांना नेण्याआधी फोन करून विचारा. स्वतः एकदा रिंग बुडवून पाच कागद फाडलेले असले की तिथल्या माणसाचा हात बघताना मुलांचे डोळे वेगळेच असतात. उलटं करू नका, आधी घरी फाडा, मग तिथे जा.

रद्दीच्या दुकानात

हिला मी अ‍ॅक्टिव्हिटी म्हणावं का माहीत नाही, पण मुलांना जास्त कळलं ते इथे. महिनाभराची रद्दी मुलांनी तीन गठ्ठ्यांत बांधायची, वर्तमानपत्र वेगळं, पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. सुतळीची गाठ मुलांनाच मारू दे, सुटेल, परत बांधतील. मग आपल्याकडे ताणकाटा असेल तर घरी वजन करून आकडा लिहून ठेवायचा, आणि पिशव्या उचलून दुकानात.

फोनवरून बोलावला तर रद्दीवाला घरी येतो, मान्य, पण दुकानात न्या. तिथे भिंतीएवढे पुठ्ठ्याचे गठ्ठे, एका कोपऱ्यात पितळेचे नळ, दुसरीकडे फुटक्या बादल्या, सगळं आपण घरी पाडलेल्या ढिगांसारखंच पण घराएवढं मोठं. भाच्याने दारातूनच ओरडून सांगितलं, "कागद, काच, पत्रा!" दुकानवाले काका इतके हसले की त्यांनी त्याला काट्यावर उभं करून सोळा किलो भंगार म्हणून जाहीर केलं.

मुलांना भाव विचारायला लावा. ह्याचा भाव जास्त का, ह्याचा कमी का, ओला पुठ्ठा का नाही घेत, तेलकट पिझ्झाचा खोका परत का दिला. हे प्रश्न आपण घरी विचारले तर लेक्चर होतं, काकांनी उत्तर दिलं की ते ज्ञान. घरचं वजन आणि दुकानातलं वजन जुळलं नाही तर तो मोठ्या मुलांसाठी वेगळाच धडा. पैसे मुलांचे, वाटून घेऊ द्या, नाणी मोजू द्या. आमच्या टोळीला पहिल्या खेपेला माणशी तेवीस रुपये आले.

एक सांगते, पैशाची सवय जपून लावा. तिसऱ्या महिन्यात लेक माझा अर्धा वाचलेला दिवाळी अंक गठ्ठ्यात बांधत होती.

ओल्याचं काय

कंपोस्टवर ढीगभर लिहिलेलं सापडतं म्हणून थोडक्यात. एक जुना माठ किंवा बादली, बाजूंना आणि तळाला भोकं, तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळकी पानं तीन-चार बोटं, त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून, त्यावर परत मूठभर वाळकी पानं, आणि सुरुवातीला दोन चमचे आंबट ताक. आठवड्यातून दोनदा ढवळा. तेलकट उरलेली भाजी, मटणाची हाडं नकोत. वास आला तर ओलं जास्त झालंय, पानं घाला. दीड-दोन महिन्यांत खाली काळं खत दिसतं.

मुलांचं काम काय, तर 'झाकण घालणं'. म्हणजे प्रत्येक वेळी कचऱ्यावर वाळक्या पानांचं पांघरूण घालायचं, आमच्याकडे त्याला कचऱ्याला झोपवणं म्हणतात. हात माठावर धरला की कधी कधी आतून ऊब लागते, ते त्यांना फार भारी वाटतं, आत कोणीतरी आहे असं. अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, तुम्ही किंचाळलात की मुलं कायमची किंचाळतात, त्या अळ्या कचराच खातायत. नंतर साबणाने हात.

गणपतीत निर्माल्य आलं की मुलांना हारातून दोरा, प्लास्टिकचे मणी, सोनेरी कागद काढायला बसवा. फुलं माठात. मागच्या गणपतीत एका हारातून आमच्या पोरांनी जे काढलं त्याचा ढीग फुलांपेक्षा मोठा होता, आणि पुढच्या दिवशी फुलवाल्याकडे लेकीने स्वतः सांगितलं, "काका, नुसत्या फुलांचा द्या, सोनेरी नको."

आजीला मध्ये घ्या

रिसायकलिंग हा शब्द आजीला माहीत नसेल, पण तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त किस्से आहेत. आमच्या आईने मुलांना बोहारणीची गोष्ट सांगितली, जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई दारात यायची वगैरे, तर मुलांनी लगेच बोहारीण-बोहारीण खेळ काढला. एका चादरीवर लहान झालेले कपडे, दुसऱ्या चादरीवर स्टीलची भांडी, आजी बोहारीण. घासाघीस जोरात. "एवढ्याशा दोन फ्रॉकांत पातेलं नाही व्हायचं बाई, वाटी घ्या नाहीतर अजून एक जीन्स टाका." भाच्याने अंगातला शर्ट काढून टाकला. प्रत्येक कपडा हातात घेऊन आजी तो तपासायची, कॉलर बघायची, शिवण ओढून बघायची, आणि त्यातून मुलांना आपसूक कळलं की हा अजून घालता येईल, हा कोणाला तरी देता येईल, हा फक्त पुसायला.

घालता येणार नाहीत त्या टीशर्टच्या पिशव्या करा, शिवायची गरज नाही. बाह्या कापा, गळा जरा खोल कापा, खालच्या कडेला बोटभर रुंद पट्ट्या कापून पुढची पट्टी मागच्या पट्टीला गाठ मारत जा. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कापडी पिशवी सगळ्यांकडे असते पण ती घरीच राहते हा प्रश्न आहे ना, तर मुलाने स्वतः गाठी मारलेली पिशवी घरी राहत नाही, दारातून बाहेर पडताना तोच ओरडतो. आणि गोधडी शिवणारं कोणी घरात उरलं असेल तर मुलांना शेजारी बसवून दोन टाके घालू द्या, सुई मोठ्यांच्या नजरेसमोर.

खेळणी करायचीच असतील तर

करा की. मी शो-पीसच्या विरोधात आहे, खेळण्याच्या नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुलांसाठीचं विज्ञान केंद्र आहे तिथे अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षं काम केलं, कचऱ्यातून खेळणी हाच त्यांचा ध्यास, २०१८ साली पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांची खेळणी नेटवर फुकट आहेत, मराठीतही. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घर करायचं, हे माझं आवडतं, कारण खेळून झालं की सगळं सुटतं आणि उद्या दुसरं करता येतं. शाळेतून पुढचा मेसेज आला तेव्हा आम्ही हेच पाठवलं. नंबर आला नाही. नंबर चमकीवाल्या मोराला.

पिशवीचा कोपरा आणि ताईंशी ओळख

दोन बारीक सवयी मुलांनाच द्या, त्यांना त्या मोठ्यांपेक्षा नीट जमतात. एक, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो तुकडा सुटला की इतका छोटा असतो की कोणाच्याच हाताला लागत नाही आणि गटारात जातो. पिशवी धुवायची, मोरीत चिमट्याला लावून वाळवायची. दुसरी, फुटलेली काच किंवा पॅड असेल ते मोठ्यांनी जाड पेपरमध्ये गुंडाळायचं आणि मुलांनी त्यावर लाल खडूने मोठा ठिपका काढायचा. पुण्यात ही लाल ठिपक्याची पद्धत कचरावेचकांच्याच मागणीतून आली, न उघडता कळावं म्हणून. मुलांना कशासाठी ते सांगा, हातमोजे नसलेल्या हाताने ही पिशवी चाचपली तर काय होईल. आमच्या ताईंनी त्यांच्या अंगठ्यावरची जुनी खूण लेकीला दाखवली. त्यानंतर ठिपका मला कधी आठवण करून द्यावा लागला नाही.

कुंडीतली पुरातत्त्व खात्याची मोहीम

ही शेवटी लिहितेय पण करा सगळ्यात आधी, कारण हिला वेळ लागतो. एका मोठ्या कुंडीत माती भरा, आणि ओळीने पुरा, एक केळीच्या सालीचा तुकडा, एक कडुनिंबाचं पान, वहीचा कागद, सुती चिंधी, चहाची टी-बॅग, आणि वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा. प्रत्येकाच्या जागी आइस्क्रीमची काडी रोवून त्यावर मुलांनी चित्र काढायचं. रोज थोडं पाणी. महिन्याने उकरायचं, चमच्याने, हळू.

आधी वहीत प्रत्येकाने लिहायचं किंवा चित्र काढायचं, काय उरेल. भाच्याने काढलं होतं की केळीच्या सालीचं झाड येणार.

आमच्याकडे महिन्याने केळीचं साल गायब, नुसती जरा काळी माती. पानाची फक्त जाळी राहिलेली, उचलली तर तुटली. कागद बोटाला लागून चिखल झाला. चिंधीला भोकं आणि कुबट वास. टी-बॅगमधला चहा मातीत गेला पण बाहेरची जाळी जशीच्या तशी, तिच्यात प्लास्टिक असणार, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. आणि पाकिटाचा तुकडा? लेकीने तो नळाखाली धरला, माती धुतली, पुसला. केशरी रंग, मसाल्याचं चित्र, एमआरपी सकट. भाच्याने हातात घेऊन चुरगाळला आणि मूठ उघडली. परत उलगडला.

तो आम्ही तिथेच पुन्हा पुरलाय. काडीवर लेकीने तारीख घातलीय आणि खाली लिहिलंय, 'मी दहावीत गेल्यावर काढणे'.